घटनादुरुस्ती कशी होते, कुठे अडते, किती टिकते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताच्या राज्यघटनेत आजवर किती दुरुस्त्या झाल्या?

28 सप्टेंबर 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेली महिला आरक्षणाची दुरुस्ती 106 वी. पण या आकड्यावरून घटना शंभरदा उलटीपालटी झाली असे समजू नये. लोकसभा आणि विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना मूळ घटनेत दहा वर्षांची मुदत होती. ती दर दहा वर्षांनी वाढवायची तर कलम 334 मध्ये हात घालावाच लागतो, त्यामुळे 8 वी, 23 वी, 45 वी, 62 वी, 79 वी, 95 वी आणि 104 वी अशा सात दुरुस्त्या या एका कामासाठी झाल्या. आठव्या परिशिष्टातल्या 14 भाषांच्या 22 करायला तीन लागल्या: 1967 मध्ये सिंधी, 1992 मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, 2003 मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. उलट 1976 ची 42 वी दुरुस्ती मोजायला एकच, पण उद्देशिकेपासून सातव्या परिशिष्टापर्यंत तिने घटनेचा चेहराच बदलला. म्हणून दुरुस्तीचा क्रमांक पाठ करण्याआधी तिने कोणते कलम बदलले आणि कोणत्या मार्गाने बदलले, हे पाहावे.

बातम्यांत 128 वे विधेयक म्हणत होते, मग कायदा 106 वा कसा?

विधेयकांचे क्रमांक वेगळे चालतात आणि मंजूर कायद्यांचे वेगळे. मांडलेले प्रत्येक विधेयक पार पडत नाही. काही फेटाळली जातात, काही लोकसभा विसर्जित झाली की आपोआप रद्द (व्यपगत) होतात. महिला आरक्षणाचेच 108 वे विधेयक राज्यसभेने 9 मार्च 2010 रोजी 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केले होते. लोकसभेत ते आले नाही आणि 2014 मध्ये संपले. जीएसटीचे 122 वे विधेयक 101 वी दुरुस्ती झाले, ते याच हिशेबाने. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी दोन्ही क्रमांक एकाच ओळीत लिहून ठेवावेत, गफलत नेमकी इथेच होते.

घटना बदलण्याचे मार्ग किती?

तीन. पहिला साध्या बहुमताचा: नवे राज्य, राज्याची सीमा किंवा नाव, विधान परिषद स्थापन करणे किंवा बरखास्त करणे, नागरिकत्वाचे तपशील. यात घटनेचा मजकूर बदलला, तरी कलम 4 आणि 169 स्वतःच सांगतात की ही घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलम 368 खालची दुरुस्ती समजू नये. दुसरा मार्ग कलम 368 मधल्या विशेष बहुमताचा. तिसरा विशेष बहुमत अधिक निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता.

कोणता मार्ग धरायचा हे सरकारच्या मर्जीवर नसते. कोणत्या कलमाला धक्का लागतो यावर ते ठरते. चुकीचा मार्ग धरला तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली दुरुस्तीही दहा वर्षांनी कोसळू शकते. तसे घडलेले आहे, ते पुढे येईल.

विशेष बहुमत म्हणजे नेमकी किती मते?

दोन अटी एकाच वेळी, प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मते हवीत. शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश मते हवीत. एकूण संख्येत रिकाम्या जागाही धरतात. लोकसभेच्या 543 जागा धरल्या तर पहिल्या अटीसाठी 272, राज्यसभेच्या 245 धरल्या तर 123.

उदाहरणाने पाहू. लोकसभेत 450 जणांनी मतदान केले तर दोन तृतीयांश म्हणजे 300 मते लागतील. 390 जणांनीच केले तर दोन तृतीयांश 260 भरतात, पण 260 मते पुरत नाहीत, कारण 272 चा उंबरठा कायम राहतो. तटस्थ राहिलेला सदस्य दुसऱ्या अटीच्या हिशेबात येत नाही. त्याच्यामुळे पहिली अट मात्र अवघड होते.

मतविभागणी फक्त शेवटी एकदा होत नाही. विधेयक मांडायला साधे बहुमत पुरते, परंतु ते विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, त्यातले प्रत्येक खंड आणि अखेरची मंजुरी, या प्रत्येक टप्प्यावर विशेष बहुमत सिद्ध करावे लागते. एखादा खंड पडला तर विधेयक त्या खंडाशिवाय पुढे जाते.

हा हिशेब किती काटेकोर असतो, ते 5 सप्टेंबर 1970 रोजी राज्यसभेत दिसले. संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे विधेयक लोकसभेने तीन दिवस आधी मंजूर केले होते. राज्यसभेत बाजूने 149 आणि विरोधात 75 मते पडली. एकूण 224, त्याचे दोन तृतीयांश 149.33. एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक बारगळले. मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1970 मध्ये तो आदेश रद्द केला. शेवटी तनखे बंद झाले ते 1971 च्या निवडणुकीनंतर, 26 व्या दुरुस्तीने. आडवाट धरून वेळ वाचला नाही.

दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक घेता येते का?

नाही. संयुक्त बैठकीची सोय साध्या विधेयकांसाठी आहे. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांची स्वतंत्र मंजुरी लागते. तसे नसते तर संख्येने मोठ्या लोकसभेने राज्यसभेला सहज बाजूला सारले असते.

राष्ट्रपती विधेयक परत पाठवू शकतात का?

1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून नाही. संमती द्यावीच लागते.

राज्यांची मान्यता कधी लागते आणि ती कशी घेतात?

केंद्र आणि राज्यांमधल्या नात्याला हात लागला की लागते: राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्यांच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये, कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या परिशिष्टातल्या तीन सूची (केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून समवर्ती), संसदेतले राज्यांचे प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि स्वतः कलम 368.

राज्याच्या विधिमंडळाने साध्या बहुमताने ठराव करायचा असतो. महाराष्ट्रासारख्या दोन सभागृहांच्या राज्यात विधान परिषदेतही तो व्हावा लागतो. राज्यपालांची संमती लागत नाही. मजकुरात बदल सुचवता येत नाही, होय किंवा नाही एवढेच. आज 28 राज्ये आहेत, म्हणजे 14 ठराव लागतात. कलम 368 मध्ये कालमर्यादा नाही.

जीएसटीच्या वेळी हे काम झपाट्याने झाले. लोकसभेची अंतिम मंजुरी 8 ऑगस्ट 2016 ला, आसामचा पहिला ठराव 12 ऑगस्टला, महाराष्ट्राने त्याच महिनाअखेर एका दिवसाचे विशेष अधिवेशन बोलावून ठराव केला आणि 8 सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती आली. मुंबई महापालिकेचा जकात हा मोठा उत्पन्नस्रोत 1 जुलै 2017 ला बंद झाला, त्याचे मूळ या दुरुस्तीत आहे.

ही मान्यता घ्यायची राहिली तर काय होते?

याचे सर्वांत जवळचे उदाहरण सहकाराचे आहे, आणि गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

97 वी दुरुस्ती संसदेने डिसेंबर 2011 मध्ये मंजूर केली. ती 15 फेब्रुवारी 2012 पासून लागू झाली. तिचे तीन भाग होते. कलम 19 मध्ये सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क, सहकारी संस्थांना उत्तेजन द्यावे असे शासनाला सांगणारे नवे कलम 43-बी, आणि सहकारी संस्थांच्या कारभाराचे सविस्तर नियम असलेला भाग 9-बी: संचालक 21 पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षे, एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि दोन महिलांसाठी, आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा. महाराष्ट्राने त्यानुसार 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात 2013 मध्ये बदलही केले.

अडचण अशी की सहकारी संस्था हा विषय राज्यसूचीतल्या 32 व्या नोंदीत आहे, तो पूर्णपणे राज्यांचा. भाग 9-बी मुळे त्यावर कायदा करताना राज्यांचे हात बांधले गेले. म्हणजे अधिकारांच्या वाटणीला धक्का लागला आणि निम्म्या राज्यांचे ठराव आवश्यक झाले. ते घेतलेच नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 20 जुलै 2021 रोजी राज्यांतल्या संस्थांपुरता हा भाग रद्द ठरवला. दोन बाबी टिकल्या: बहुराज्यीय संस्थांना लागू होणारा भाग (कारण तो विषय केंद्राचा), आणि कलम 19 व 43-बी मधले बदल.

मग महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचे नियम गेले का? नाही. राज्याने स्वतःच्या अधिकारात स्वतःचा कायदा बदलला होता, तो कायदा उभाच राहिला. फरक इतकाच की आता ते नियम पुन्हा बदलायचे तर विधिमंडळाला घटनेची आडकाठी नाही.

पक्षांतरबंदीतही हाच धडा आहे. 1985 च्या 52 व्या दुरुस्तीने आणलेल्या दहाव्या परिशिष्टातला सातवा परिच्छेद न्यायालयांना दार बंद करत होता. राज्यांची मान्यता नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये तेवढाच काढून टाकला. अध्यक्षांच्या अपात्रता निर्णयांना आज न्यायालयात आव्हान देता येते ते त्यामुळे.

वेगळ्या विदर्भासाठी दोन तृतीयांश बहुमत लागेल का?

नाही. कलम 3 खाली राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. 1 मे 1960 चा महाराष्ट्र साध्या कायद्यानेच झाला. गोव्याला 30 मे 1987 रोजी राज्याचा दर्जा कायद्याने मिळाला. विधानसभेत किमान 30 सदस्य असावेत हे कलम 371-आय मात्र 56 व्या दुरुस्तीने घालावे लागले.

लोकांचे सार्वमत का घेत नाहीत? गोव्यात तर झाले होते.

16 जानेवारी 1967 चा गोव्यातला जनमत कौल संसदेच्या एका स्वतंत्र कायद्याखाली झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे एवढाच प्रश्न होता. कलम 368 मध्ये सार्वमत नाही. 1978 च्या 45 व्या विधेयकात घटनेच्या गाभ्याला हात लावणाऱ्या बदलांसाठी सार्वमताचा खंड होता. राज्यसभेने तो फेटाळला आणि उरलेले विधेयक 44 वी दुरुस्ती झाले.

घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, मग पहिली दुरुस्ती इतक्या लवकर का?

कारण न्यायालयांचे निकाल. मद्रासचे जातवार प्रवेशाचे धोरण रद्द झाले. मुंबईत छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदीही रद्द झाली, बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा पाटणा उच्च न्यायालयात पडला. तेव्हा सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, हंगामी संसद काम करत होती. तिने जून 1951 मध्ये मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींना मुभा देणारे कलम 15(4), भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादांची नवी मांडणी आणि नववे परिशिष्ट आणले.

नवव्या परिशिष्टात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येत नव्हते. सुरुवातीला त्यात 13 कायदे होते, आणि दुसऱ्या क्रमांकावर मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1948. ज्याला गावोगाव कुळकायदा म्हणतात, तोच. सातबाऱ्यावर कुळाचे नाव मालक म्हणून लागले, त्यामागे ही ढाल होती. पुढे परिशिष्ट फुगत 284 नोंदींपर्यंत गेले आणि जमीन सुधारणेशी संबंध नसलेले कायदेही त्यात शिरले. जानेवारी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला: 24 एप्रिल 1973 नंतर (ही केशवानंद भारती निकालाची तारीख, तो पुढे येईल) घातलेला कायदा तपासता येईल.

विशेष बहुमत असेल तर संसद काहीही बदलू शकते का?

नाही. मात्र हे उत्तर घटनेच्या मजकुरात शोधून सापडणार नाही.

मूलभूत हक्क कमी करणारी दुरुस्ती होऊच नये, अशी सूचना विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांनी सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत दिली होती. ती स्वीकारली गेली नाही. 1951 आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या बाजूने कौल दिला. 1965 च्या निकालात बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचे. त्याच खटल्यात न्या. मुधोळकरांनी विचारले की घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत केलेला बदल ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा एखादा भाग नव्याने लिहिणे. आज सगळीकडे ज्याचा उल्लेख होतो त्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताचे बीज त्या प्रश्नात आहे.

1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात 6 विरुद्ध 5 असा निकाल फिरला: मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. संसदेने 24 व्या दुरुस्तीने तो अधिकार परत घेऊन उत्तर दिले. मग केशवानंद भारती या मठाधिपतींचा खटला, 13 न्यायाधीश, 68 दिवस सुनावणी, मठाच्या बाजूने नानी पालखीवाला. 24 एप्रिल 1973 रोजी 7 विरुद्ध 6 मतांनी ठरले: संसद कोणतेही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

दोन वर्षांतच त्याची कसोटी लागली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाबाहेर ठेवणारी 39 वी दुरुस्ती लोकसभेने 7 ऑगस्ट 1975 ला मंजूर केली, राज्यसभेने 8 ला, राज्यांनी 9 ला, राष्ट्रपतींनी 10 ला. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी 11 ला होती. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे चढली गेली होती, तरी 7 नोव्हेंबरला न्यायालयाने तिचा तो भाग रद्द केला. मुक्त निवडणूक आणि कायद्याचे राज्य चौकटीचा भाग आहेत, ते चार दिवसांत खोडता येत नाहीत. 42 व्या दुरुस्तीने कलम 368 मध्येच दोन पोटकलमे घालून न्यायालयीन तपासणी बंद केली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तीही काढली. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, हा त्यातला मुद्दा. त्याच चौकटीवर 16 ऑक्टोबर 2015 रोजी न्यायाधीश नियुक्ती आयोगाची 99 वी दुरुस्ती 4 विरुद्ध 1 ने रद्द झाली.

मूलभूत चौकटीची अधिकृत यादी कुठे मिळेल?

अशी यादी नाही. न्यायालय प्रकरणागणिक ठरवते. लोकशाही, धर्मनिरपेक्षता, संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, अधिकारांचे विभाजन आणि मुक्त निवडणुका यांवर वाद उरलेला नाही.

आणीबाणीत केलेले बदल सगळे मागे घेतले गेले का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. 43 व्या आणि 44 व्या दुरुस्तीने लोकसभेची सहा वर्षांची मुदत पुन्हा पाच केली, न्यायालयांचे अधिकार परत दिले, आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ आणि मंत्रिमंडळाची लेखी शिफारस आवश्यक केली. आणीबाणीतही कलम 20 आणि 21 स्थगित करता येणार नाहीत हेही तेव्हाच आले. पण उद्देशिकेतले ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द राहिले, मूलभूत कर्तव्ये राहिली. राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेलेले पाच विषयही परत आले नाहीत: शिक्षण, वने, वन्यप्राणी व पक्ष्यांचे संरक्षण, वजने-मापे आणि न्यायदानाची व्यवस्था. वैद्यकीय प्रवेश किंवा वनजमिनीवरून राज्ये आणि केंद्र यांची आज जी ओढाताण होते, तिच्या मुळाशी हे आहे.

मराठा आरक्षणात 102 वी आणि 105 वी दुरुस्ती कशा आल्या?

2018 च्या 102 व्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि कलम 342-ए घातले. कोणता समाज सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास, हे राष्ट्रपती जाहीर करतील असे त्यात होते. राज्यांच्या याद्यांचे काय, यावर मजकूर स्पष्ट नव्हता. महाराष्ट्राचा कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. 5 मे 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो एकूण आरक्षणाच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेवर रद्द केला. शिवाय 3 विरुद्ध 2 मतांनी म्हटले की असा वर्ग ठरवण्याचा अधिकार आता राज्यांकडे नाही.

तीन महिन्यांत संसदेने 105 वी दुरुस्ती केली. लोकसभेत 385 विरुद्ध 0, राज्यसभेत 187 विरुद्ध 0. राज्यांना स्वतःची यादी करण्याचा अधिकार परत मिळाला. 50 टक्क्यांच्या प्रश्नाला मात्र तिने हात लावलेला नाही.

कलम 370 घटनादुरुस्तीने गेले का?

नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ते कलम 368 ऐवजी कलम 370 खालच्याच राष्ट्रपतींच्या आदेशांनी निष्प्रभ झाले. त्याचा बदललेला मजकूर घटनेत अजून छापलेला असतो.

छापील प्रत वाचताना काय पाहावे?

आधी ती कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे ते. मग कलमांचे क्रमांक. नवे कलम घातले की जुने क्रमांक बदलत नाहीत, अक्षर जोडतात: 21-ए, 243-ए, 300-ए. कलम वगळले की क्रमांक रिकामा राहतो. मालमत्तेचे कलम 31 आणि 1956 मध्ये गेलेला भाग सात असेच रिकामे आहेत. कलमे 395 पर्यंतच दिसतात, मोजली तर जास्त भरतात, ते यामुळे.

सर्वांत मोलाच्या असतात तळटीपा. कोणत्या दुरुस्तीने, कोणत्या तारखेपासून, हे तिथे लिहिलेले असते. संमतीची आणि अंमलाची तारीख एकच धरू नये. शिक्षणाच्या हक्काची 86 वी दुरुस्ती डिसेंबर 2002 ची, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. महिला आरक्षण कायदा झाला, पण कलम 334-ए प्रमाणे त्यानंतरची पहिली जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावरच जागा राखीव होतील. कलम 22 ची तळटीप मुद्दाम उघडून पाहावी. चौकशीविना स्थानबद्धतेची तीन महिन्यांची मर्यादा दोन महिन्यांवर आणणारा, 44 व्या दुरुस्तीचा तिसरा खंड संसदेने 1978 मध्ये मंजूर केला. अंमलाची तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. ती अधिसूचना निघालेली नाही, म्हणून मजकुरात आजही तीन महिनेच छापलेले दिसतात.